नको, नको, उगाच कशाला

प्रवास माणसाला आतून बदलतो. नवी क्षितिजं, नवी माणसं, नवे स्वाद यांच्या संगतीत त्याच्या जाणिवा रुंदावतात, आणि घरी परततो तो कोणी वेगळाच असतो. गुणवंतराव टिपणीस सहकुटुंब अबुधाबीहून दुबईला निघाले तेव्हा दोन अमिरातींच्या हद्दीवर, घंतूतपाशी, त्यांच्यात झालेला बदल एवढाच, की पार्किंगचं एक अ‍ॅप बंद करून दुसरं उघडायला त्यांनी मुलीला सांगितलं.

या सहलीला 'सिटी ब्रेक' हे नाव गुणवंतरावांनी दिलं होतं. शोभनाताईंना ते अजून पचलेलं नव्हतं.

"अहो, सिटी ब्रेकला माणसं प्राग-बिगला जातात. दुबईला कोण जातं अबुधाबीहून?"

"दुबई वेगळी सिटी आहे."

"मागच्या शुक्रवारी तुम्ही तिथे फ्रिजच्या दाराचं रबर आणायला गेला होतात. तेव्हा कुठला ब्रेक होता?"

"तेव्हा मुक्काम नव्हता," गुणवंतराव म्हणाले आणि लेन बदलली. लेन बदलण्याचं कारण नव्हतं. निघाल्यापासून ते दर दोन मिनिटांनी लेन बदलत होते.

मागच्या सीटवरून शुभ्रा, वय सतरा, कानातलं काही न काढता म्हणाली, "आई, इट्स कॉल्ड अ स्टेकेशन. अँड बाबा, प्लीज पिक अ लेन."

बाहेर सेहेचाळीस डिग्री होतं. वाळवंटावरून पांढुरकी धूळ सरकत होती.

सहलीचं खरं कारण असं. अल रीम आयलंडवर जे उंच टॉवर आहेत त्यांना एका मोठ्या प्लांटमधून थंडगार पाणी पाइपांनी पुरवलं जातं, आणि त्या पाण्यावर तिथल्या लोकांचे एसी चालतात. त्या प्लांटचे गुणवंतराव मॅनेजर. एकोणीस उन्हाळे त्यांनी बेटावरच्या लोकांना गारवा पोचवला होता. गेल्या वर्षी म्युनिकच्या एका कंपनीने हा सगळा कारभार विकत घेतला. नवे मालक आले की गल्फमध्ये जुन्या माणसांसाठी आधी केक आणतात, मग चार शब्द बोलतात, मग विमानाचं तिकीट देतात. गुणवंतरावांच्या मजल्यावर दोन केक कापून झाले होते. दोन्ही चॉकलेटचे होते. गुणवंतराव एकोणपन्नास वर्षांचे होते आणि केकचा डबा घेऊन ऑफिस बॉय लिफ्टमधून बाहेर पडला की त्यांना घाम फुटे.

पण त्याच कंपनीत एक जागा निघाली होती. म्युनिकच्या मुख्य कचेरीत बसून गल्फमधल्या सगळ्या प्लांटवर देखरेख करणारा एक माणूस त्यांना हवा होता. तो निवडायला मॅथियास ब्रूनर नावाचे गृहस्थ मे महिन्यापासून दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या ऑफिसात येऊन बसले होते.

गुणवंतरावांना म्युनिक हवं होतं. जुलैत खऱ्या झाडाखाली खऱ्या बाकावर बसायचं होतं. शुभ्राला तिथल्या युनिव्हर्सिटीत घालायचं होतं. मुख्य म्हणजे केकच्या आधी निघायचं होतं. हे त्यांनी एका माणसालाही सांगितलेलं नव्हतं, कारण हवं ते 'हवं' म्हणून मागणं त्यांच्या ठाण्याच्या घरात असभ्यपणाचं समजत. त्या घरात पाहुण्याला चहा विचारला की पाहुणा म्हणे, "नको, आत्ताच झाला." पुन्हा विचारलं की म्हणे, "उगाच कशाला त्रास." तिसऱ्यांदा विचारेपर्यंत आत चहा उकळलेला असे. पहिल्याच खेपेला 'हो' म्हणणारा पाहुणा गेला की त्याच्याविषयी बोलणं होई. गुणवंतरावांच्या हाताखाली मुझम्मिल नावाचा लातूरचा तिशीतला इंजिनिअर होता. त्याला चहा विचारला की तो म्हणे, "चालेल सर, बिस्कीटपण आहे का?" त्याच्याविषयी गुणवंतराव घरी बोलत.

ब्रूनर शनिवार-रविवारी कुठे असतात हे त्यांना सिलिकॉन ओएसिसच्या एचआरमधल्या प्रज्ञाने फोनवर सांगितलं होतं.

"सर, तो दुसरीकडे कुठे जातच नाही. शेख झायेद रोडवर ते हॉटेल आहे ना, तिथे पूर्ण समर बव्हेरियन, म्हणजे म्युनिककडचा, फेस्टिव्हल आहे. बिअर गार्डन वगैरे. सारखी घरची आठवण येते म्हणे त्याला. पण सर, तुम्हाला कशाला?"

"सहज विचारलं," गुणवंतराव म्हणाले.

भेट आपोआप व्हायला हवी होती. ती आपोआप व्हावी म्हणून त्यांनी तीन आठवडे आधी बुकिंग केलं.

हॉटेलातलं बिअर गार्डन चौथ्या मजल्यावर होतं. चेस्टनटची झाडं प्लास्टिकची होती आणि त्यांच्या फांद्यांतून आग विझवायचे फवारे डोकावत होते. जमिनीवर खडीचं चित्र छापलेला गालिचा होता. उन्हाळ्याचा उत्सव असल्यामुळे थंडी एवढी ठेवली होती, की बायका शाली घेऊन बसल्या होत्या. गुणवंतरावांनी आत शिरताच सवयीने हवेच्या जाळीला हात लावला आणि म्हणाले, "अठरावर ठेवलंय. पाणी वाया घालवतायत."

"झालं सुरू," शोभनाताई म्हणाल्या.

व्यासपीठावर चामड्याच्या तोकड्या चड्ड्या घातलेले तीन वादक होते. अ‍ॅकॉर्डियनवाला मडगावचा, भोंगावाला कोलंबोचा आणि ड्रमवाला मनिलाचा. थोड्या थोड्या वेळाने ते उठून 'प्रोस्ट' असं ओरडत, मग सगळ्या बागेने ग्लास उंचावून ओरडायचं. गोव्याच्या त्या माणसाने शोभनाताईंना बरोबर हेरलं आणि हिंदीत विचारलं, "मॅडम, फर्माइश? जर्मन छोडके भी सब आता है."

टेबलं लांबलचक आणि बाक पाठीशिवायचे. मधल्याला उठायचं झालं की त्या बाजूच्या सगळ्यांनी उठायचं. गुणवंतराव मधे बसले आणि मग उठत राहिले. कधी टॉयलेटला, कधी दारापर्यंत, कधी उगाच बागेला एक चक्कर. शेजारी बसलेलं लेबनॉनचं जोडपं पहिल्यांदा हसून उठलं, नंतर नुसतं उठलं, आणि शेवटी त्यातल्या नवऱ्याने "यल्ला हबीबी, यू सिट हिअर," म्हणत त्यांना कडेची जागा देऊन टाकली.

"बाबा, यू आर पेसिंग," शुभ्रा म्हणाली.

"पाय मोकळे करतोय."

"कोणाला शोधताय?" शोभनाताईंनी मेन्यूतून डोकं वर न काढता विचारलं. "ही बघा, डुकराची तंगडी, एकशे पंचवीस दिरहम. म्हणजे जवळजवळ तीन हजार रुपये. एका तंगडीला. उरलेलं डुक्कर कुठे गेलं?"

तेव्हा गुणवंतरावांनी सांगून टाकलं. ब्रूनर, म्युनिक, सगळं. शोभनाताईंनी ऐकून घेतलं, मेन्यू मिटला, शाल सारखी केली.

"हे घरी सांगितलं असतंत तर मी बरी साडी आणली असती."

त्या संध्याकाळी ब्रूनर आले नाहीत. गुणवंतरावांनी बाग बंद व्हायची वेळ येईपर्यंत कोणाला उठू दिलं नाही. मायलेकींनी प्रेट्झेलवर प्रेट्झेल मागवली आणि एकमेकींकडे बघत ती तोडली.

शनिवारी दुपारी मात्र ते आले. उंच, लालबुंद, बिनइस्त्रीचा शर्ट. गुणवंतराव इतक्या मोठ्यांदा "ओ! व्हॉट अ सरप्राइज!" म्हणाले, की व्यासपीठावरचा भोंगा एक सूर चुकला.

"मिस्टर टिपनिस," ब्रूनर म्हणाले. "तुम्ही अबुधाबीत राहता."

"सिटी ब्रेक," गुणवंतराव म्हणाले.

ब्रूनरनी हे मान डोलावून स्वीकारलं आणि समोर बसले. बव्हेरियात अनोळखी माणसांच्याही बाकावर बसतात, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी तंगडी आणि अर्धा लिटर बिअर मागवली. ते मोजकं बोलत आणि प्रत्येक वाक्यात एकच माहिती देत. इथली तंगडी बरी आहे. मोहरी चांगली नाही. झाडं प्लास्टिकची आहेत.

मग जेवण आलं आणि शोभनाताईंनी सूत्रं हातात घेतली. त्यांनी आपल्या चिकन श्निट्झेलचा अर्धा भाग कापून ब्रूनरच्या ताटात ठेवला.

"थँक यू, मला पुरेसं आहे," ब्रूनर म्हणाले.

"एवढंसंच आहे हो. जस्ट टेस्ट."

ब्रूनर ताटाकडे बघत राहिले, मग त्यांनी ते संपवलं. त्यांच्या घरी ताटात पडलेलं टाकत नसत. ताट रिकामं दिसताच शोभनाताईंनी बटाट्याचा एक गोळा वाढला, कारण त्यांच्या घरी रिकामं ताट म्हणजे पाहुणा अजून भुकेला. तो संपला. गुणवंतरावांनी सॉसेज वाढलं. ते संपलं. दोन्हीकडचे संस्कार चोख होते आणि कोणी मागे हटत नव्हतं. आंबवलेल्या कोबीची तिसरी खेप आली तेव्हा ब्रूनरच्या कपाळावर अठरा डिग्रीत घाम होता. शेवटी त्यांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले आणि, बहुधा विषय बदलावा म्हणून, म्हणाले, "टिपनिस, एक विचारायचं होतं. सोमवारी ऑफिसात विचारणार होतो. आत्ताच विचारतो. म्युनिकची जागा. तुमचं नाव यादीत पहिलं आहे. तुम्हाला हवी आहे का?"

भोंगा थांबलेला होता. शुभ्राने कानातलं काढलं. ज्या प्रश्नासाठी गुणवंतराव तीन महिने कूस बदलत होते तो प्रश्न टेबलावर, कोबीशेजारी, स्वच्छ मांडलेला होता. गुणवंतरावांनी तोंडातला घास गिळला, अंग थोडं चोरलं, आणि ठाण्याच्या सगळ्या पिढ्यांनी मागून ढकलल्यासारखं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं:

"ओ नो, नो, नो. व्हाय मी? सो मेनी डिझर्व्हिंग पीपल आर देअर."

आणि एक हलकं हसू आणून ते दुसऱ्यांदा विचारलं जाण्याची वाट बघत बसले.

शोभनाताई एका चांगल्या घरातून दुसऱ्या चांगल्या घरात आलेल्या. नवऱ्याचा सूर लागलेला बघून त्यांनी लगेच मागून धरला. "येस, येस. वी आर व्हेरी हॅपी हिअर. व्हॉट इज देअर इन म्युनिक?"

"ओके," ब्रूनर म्हणाले.

गुणवंतराव थांबले.

"स्पष्ट सांगितल्याबद्दल आभारी आहे," ब्रूनर म्हणाले. त्यांनी तोंड पुसलं. मग भोंग्याविषयी बोलले. भोंगावाला चांगला आहे पण दमतो. मग ते उठले. "आता मी झोपणार आहे," त्यांनी माहिती दिली आणि ते खरोखरच गेले.

"प्रोस्ट!" व्यासपीठ ओरडलं. बागेने ग्लास उंचावले. टिपणीसांच्या टेबलावर कोणी काही उंचावलं नाही.

"डिड यू जस्ट से नो?" शुभ्राने विचारलं.

"नाही म्हटलेलं नाही," गुणवंतराव म्हणाले. "एकदाच म्हटलंय."

लिफ्टमध्ये लोक होते म्हणून भांडण खोलीत सुरू झालं.

"तू कशाला मधे बोललीस? व्हॉट इज देअर इन म्युनिक म्हणे!"

"वा! तुम्ही नको म्हणालात, मी 'हो हो, ह्यांना हवंय' म्हणायचं होतं का? केवढं वाईट दिसलं असतं! मला वाटलं, ते पुन्हा विचारतील, तेव्हा तुम्ही थोडे आढेवेढे घ्याल, मग मी म्हणेन, 'अहो, एवढं म्हणतायत तर बघा ना.' माझं वाक्य तयार होतं."

"पुन्हा विचारलं कुठे त्यांनी?"

"मग तुम्ही जरा रेंगाळायचं होतं. एकदम नो, नो, नो! तीन वेळा एका दमात. तीन खेपांचं तुम्ही एकदाच संपवून टाकलंत."

गुणवंतराव खोलीत येरझारा घालत होते. खोली लहान होती, त्यामुळे त्या येरझारा नसून वळणंच होती. खिडकीची काच तापलेली होती. खाली शेख झायेद रोडवर गाड्या धावत होत्या, आणि प्रत्येक गाडीतला माणूस त्यांना ठरलेल्या ठिकाणी चाललेला वाटत होता.

"यू गाइज," शुभ्रा पलंगावरून म्हणाली, "जस्ट टेक्स्ट हिम. से यस. थ्री लेटर्स."

"असं नसतं बाळा. आपणहून कसं म्हणायचं? त्यांनी विचारायला हवं."

"ही डिड!"

"पुन्हा विचारायला हवं."

शुभ्राने कानातलं पुन्हा घातलं.

ठरलं असं, की संध्याकाळी ब्रूनरना पुन्हा विचारण्याची संधी द्यायची. शोभनाताईंनी आल्यापासून प्रथमच लिपस्टिक लावली. तिघं खाली गेली तेव्हा ब्रूनर कोपऱ्यात, प्लास्टिकच्या एका झाडाखाली, फक्त पाणी घेऊन बसलेले होते. त्यांच्या पोटाला आज विश्रांती हवी होती. टिपणीस कुटुंबाला येताना पाहून त्यांनी टेबलावर मांडलेलं रिकामं ताट हळूच शेजारच्या टेबलावर सरकवलं.

"म्युनिकमध्ये जानेवारीत हवा कशी असते?" गुणवंतरावांनी सुरुवात केली.

"थंड," ब्रूनर म्हणाले.

"आणि घरं? मिळतात?"

"अवघड आहे."

"पण मिळतात."

"मिळतात."

"शुभ्रा पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल. तिथल्या युनिव्हर्सिटी चांगल्या, असं ऐकतो."

"चांगल्या आहेत."

शोभनाताई पुढे झुकल्या. "मला तर जर्मन भाषा फार गोड वाटते."

ब्रूनरनी पाण्याचा ग्लास खाली ठेवला. असं त्यांना आजवर कोणी म्हटलेलं नव्हतं. मग त्यांचा चेहरा उजळला आणि टिपणीस दांपत्याने एकाच वेळी श्वास रोखला.

"तुम्ही ऑक्टोबरमध्ये या," ब्रूनर म्हणाले. "टूरिस्ट म्हणून. पाच दिवस पुरे होतात."

गुणवंतरावांनी उठून बागेला एक चक्कर मारली. परत आले तेव्हा शुभ्राचा धीर सुटलेला होता. ती ब्रूनरकडे वळून सरळ म्हणाली, "मिस्टर ब्रूनर, माय डॅड वुड लव्ह टू मूव्ह टु म्युनिक. लाइक, रिअली लव्ह."

बागेत इतका वेळ चाललेलं सगळं एका वाक्यात झालं होतं. ब्रूनरनी भुवया उंचावून गुणवंतरावांकडे पाहिलं. आता फक्त मान हलवायची होती. पण मुलीने वडिलांसाठी काही मागितलं, आणि तेही परक्या माणसासमोर, साहेबासमोर, म्हटल्यावर गुणवंतरावांचे कान तापले. त्यांनी टेबलाखालून शुभ्राच्या पायावर पाय दिला आणि हसले. "शी इज जोकिंग. टीनएजर्स!"

"आह," ब्रूनर म्हणाले आणि शिष्टाचार म्हणून तेही हसले.

शोभनाताईंनी शाल डोक्यावरून घेतली.

रविवारी सकाळी शोभनाताईंनी दात घासता घासताच सांगितलं, "हे बघा, आता खलास. तुमचं ते ठाणं, तुमचे पाहुणे, त्यांचा चहा, सगळं इथे ठेवा. खाली जा आणि सरळ म्हणा, मला हवंय. नाहीतर मी म्हणेन."

"तू नको. मी म्हणतो."

"काय म्हणाल? म्हणून दाखवा."

"कंपनीची इच्छा असेल, तर मी…"

"कंपनीची नाही. तुमची."

गुणवंतरावांनी प्रयत्न केला. एकोणीस वर्षं त्यांनी इंग्रजीत रोज शेकडो वाक्यं लिहिली होती आणि त्यांतलं एकही 'आय वॉन्ट'ने सुरू झालेलं नव्हतं. 'इट वुड बी अप्रिशिएटेड' होतं. 'काइंडली डू द नीडफुल' होतं. लिफ्टमध्ये ते आरशाकडे तोंड करून हळूच म्हणाले, "आय वॉन्ट टू कम." दार उघडं होतं आणि बाहेर दोन सुटकेस घेतलेला एक इजिप्शियन गृहस्थ उभा होता. तो मागे सरकला. "नो प्रॉब्लेम हबीबी, यू गो, आय टेक द नेक्स्ट."

नाश्त्याला त्या दिवशी पांढरी सॉसेज होती. ती बाराच्या आत खायची असतात आणि साल काढून खायची असतात, असं ब्रूनर वेट्रेसला समजावून सांगत होते. गुणवंतराव त्यांच्यासमोर उभे राहिले. बसले तर धीर जाईल असं त्यांना वाटलं. मागे शोभनाताई ऑम्लेटच्या रांगेत उभ्या होत्या, पण ऑम्लेट घेत नव्हत्या.

"मिस्टर ब्रूनर," गुणवंतराव म्हणाले. "आय वॉन्ट. म्युनिक. मला हवं आहे."

म्हणून झालं. छत कोसळलं नाही. मडगावचा अ‍ॅकॉर्डियनवाला, आज साध्या पँटीत, टोस्टला लोणी लावत राहिला.

ब्रूनरनी सुरी खाली ठेवली. "पण काल तुम्ही नाही म्हणालात."

"ते… आमच्याकडे पहिल्यांदा तसं म्हणतात."

"टिपनिस," ब्रूनर म्हणाले आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात माहितीखेरीज काहीतरी होतं. "इथे येण्याआधी कंपनीने मला दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं. भारतीय लोकांबरोबर काम कसं करावं. पहिला मुद्दा हाच होता. भारतीय माणूस कधीच 'नाही' म्हणत नाही. 'बघू' म्हणतो, 'प्रयत्न करतो' म्हणतो. 'नाही' नाही. त्यामुळे तुम्ही तीनदा 'नो' म्हणालात तेव्हा मला वाटलं, या माणसाला म्युनिकचा खरोखर तिटकारा आहे. तुमच्या मिसेसनाही. मला थोडं वाईटसुद्धा वाटलं."

गुणवंतराव आता बसले.

"मी कालच दुपारी यादीतल्या दुसऱ्या माणसाला फोन केला. मुझम्मिलला. तो 'हो' म्हणाला. त्यानंतर त्याने विचारलं, प्रश्न काय आहे."

ऑम्लेटच्या रांगेतून शोभनाताई रिकामी प्लेट घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. त्यांना सगळं ऐकू गेलेलं होतं.

ब्रूनर विचार करत होते. एका सॉसेजची साल त्यांनी शेवटपर्यंत काढली. "अजून कागद झालेला नाही," ते म्हणाले. "तो उद्या होणार आहे. तुमचा अनुभव जास्त आहे आणि नाव पहिलं होतं. मुझम्मिल तरुण आहे, त्याला दुसरी संधी मिळेल. मी आत्ता त्याला फोन करून थांबवू शकतो. मला ते अवघड नाही." त्यांनी फोन हातात घेतला. "करू का?"

दुसऱ्यांदा विचारलं गेलं होतं. एक जर्मन माणूस, स्वतःच्या स्वभावाच्या पूर्ण विरुद्ध जाऊन, दुसऱ्यांदा विचारत होता. शोभनाताईंचं वाक्य तयार होतं. अहो, एवढं म्हणतायत तर. त्यांनी तोंड उघडलंही.

पण साहेब आपल्यासाठी, रविवारी, नाश्ता थंड करून, फोन लावणार? एवढा त्रास?

"नो, नो, प्लीज," गुणवंतराव म्हणाले. "उगाच कशाला… डोन्ट ट्रबल युअरसेल्फ फॉर मी."

ते बोलून झाल्यावर त्यांना ते ऐकू आलं. त्यांचा हात हवेत थोडा पुढे गेला, वाक्य परत घेण्यासाठी असावा, पण तो टेबलावरच्या मोहरीच्या बाटलीपाशी थांबला आणि त्यांनी ती ब्रूनरच्या बाजूला सरकवली.

"ओके," ब्रूनर म्हणाले. त्यांनी फोन खिशात ठेवला. "आता स्पष्ट झालं."

शोभनाताई उठून ऑम्लेटच्या रांगेत परत गेल्या.

परतीच्या वाटेवर जबल अली मागे पडलं. गुणवंतराव एकाच लेनमध्ये होते. मग त्यांना एक थोर कारण सुचलं.

"तसंही मुझम्मिलच्या तोंडचा घास काढून घेणं बरं दिसलं नसतं. लहान आहे तो. त्याची आई लातूरला एकटी असते."

"हे तुम्हाला नाश्त्याला सुचलं होतं का?" शोभनाताईंनी विचारलं.

"मनात होतं."

"मग आता मनातच ठेवा."

"आई, लीव्ह हिम," शुभ्रा म्हणाली. तिने एक कान मोकळा ठेवला होता. थोड्या वेळाने तिने पुढे वाकून विचारलं, "बाबा, डू यू वॉन्ट वॉटर?"

"नको," गुणवंतराव म्हणाले.

शोभनाताईंनी बाटलीचं झाकण उघडून ती त्यांच्या हातात कोंबली आणि ते अर्धी बाटली पिऊन गेले.

मुझम्मिल ऑक्टोबरमध्ये म्युनिकला रुजू झाला. त्याच्या निरोपाला केक आणला होता, तो व्हॅनिलाचा होता. पुढच्या मे महिन्यात कंपनीच्या लक्षात आलं, की गल्फमधल्या प्लांटवर देखरेख करणारा माणूस गल्फमध्ये असलेला बरा, म्हणून ती जागा अबुधाबीला हलवण्यात आली. मुझम्मिल आता गुणवंतरावांच्या शेजारच्या केबिनमध्ये बसतो.